नवजात बाळाला किती दुखतंय, हे नर्सला कसं कळतं?

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आठवडाभर राहिलेल्या बाळाची टाच उलटी करून पाहिली, तर दोन्ही कडांना बारीक तांबूस-काळे ठिपके दिसतात. एकेक ठिपका म्हणजे एकेकदा टोचून घेतलेलं रक्त. कधी साखरेसाठी, कधी काविळीसाठी, कधी रक्तातले वायू तपासायला. यात सलाइनची सुई, श्वासनळीतलं सक्शन, नाकातून पोटात घातलेली नळी आणि नाजूक कातडीवरून सोलून काढलेली चिकटपट्टी धरलेली नाही. पॅरिस परिसरातल्या ४३० बाळांच्या पहिल्या चौदा दिवसांची नोंद ठेवणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका बाळाच्या वाट्याला दिवसाला साधारण १० वेदनादायक प्रक्रिया आल्या होत्या, आणि अशा सगळ्या प्रक्रियांपैकी जवळपास ७९ टक्के वेळा वेदना कमी करायला खास असं काहीच केलं गेलं नव्हतं.

औषधं नव्हती म्हणून हे घडलं असं नाही. सुई टोचण्याआधीची दोन मिनिटं कुणी राखून ठेवली नव्हती. नवजात बाळाच्या वेदनेचं बहुतेक काम त्या दोन मिनिटांतच असतं.

‘त्याला काय कळतंय!’ हा समज कुठून आला

१९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांची मोठी ऑपरेशनंसुद्धा अगदी हलक्या भुलेवर होत. स्नायू ढिले करणारं औषध द्यायचं, म्हणजे बाळ हलत नाही, आणि सोबत नायट्रस ऑक्साइड हा हलकी भूल देणारा वायू थोडा. यामागचा तर्क असा होता की बाळाच्या मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण पुरतं चढलेलं नसतं, त्यामुळे वेदना मेंदूपर्यंत नीट पोचतच नसावी. पण वेदना वाहून नेणारे बरेच तंतू मोठ्या माणसातही बिनआवरणाचेच असतात. आवरण नसलं तर संदेश सावकाश जातो, थांबत नाही. आणि बाळाच्या शरीरात त्याला अंतरही थोडंच कापायचं असतं.

१९८७ मध्ये ऑक्सफर्डमध्ये कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या, दिवस पुरे न झालेल्या बाळांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या भुलेबरोबर फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक दिलं, दुसऱ्याला दिलं नाही. ज्यांना ते मिळालं नाही, त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं खूप जास्त वाढली आणि ऑपरेशननंतरच्या अडचणीही जास्त आल्या. पुढे २०१५ मध्ये ऑक्सफर्डमध्येच एमआरआय यंत्रात झोपलेल्या नवजात बाळांच्या पायाला बोथट टोकानं हलकेच टोचून पाहिलं. मोठ्या माणसाच्या मेंदूतले जे २० भाग अशा वेळी जागे होतात, त्यांतले १८ बाळांतही जागे झालेले दिसले.

उलट बाळाला जास्त दुखत असावं असं मानायला जागा आहे. मोठ्या माणसाच्या मेंदूकडून मणक्यातल्या मज्जारज्जूकडे वेदना दाबणारे संदेश खाली येत असतात. नवजात बाळात ही व्यवस्था अजून कच्ची असते. आणि एकाच टाचेला पुन्हापुन्हा टोचलं की त्या भागाची संवेदना वाढत जाते, मग नुसता स्पर्शही झोंबतो. आईला मधुमेह असल्यामुळे ज्या बाळांची साखर पहिल्या दिवसापासून वारंवार तपासावी लागली, त्यांचा एक अभ्यास २००२ मध्ये आला. नंतर हातातून रक्त घ्यायच्या वेळी ही बाळं सुई लागायच्या आधीच, कातडी पुसत असतानाच, चेहरा आवळू लागत होती. पुढे काय होणार ते पहिल्या एकदोन दिवसांतच त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

चेहरा, रडणं, श्वास, हातपाय

बाळ सांगू शकत नाही, म्हणून नर्स पाहते. सगळ्यांत भरवशाची खूण चेहऱ्यावर असते. भुवया खाली येऊन मधोमध फुगतात, डोळे घट्ट मिटतात, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल जाते, तोंड उघडून ताणलं जातं. भुकेनं रडणारं बाळ तोंड इकडेतिकडे फिरवतं, मूठ चोखू पाहतं आणि काही चोखायला मिळालं की जरा वेळ तरी गप्प होतं. ही चेहऱ्याची चौकट भुकेत इतकी घट्ट आवळलेली सहसा नसते.

जे दिसलं त्याचे आकडे करायला मोजपट्ट्या आहेत. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी सर्रास वापरली जाते ती निप्स. तिच्यात सहा गोष्टी पाहतात: चेहरा, रडणं, श्वासाची लय, हात, पाय आणि बाळ शांत आहे की बेचैन. रडण्याला ० ते २ गुण आणि बाकी प्रत्येकाला ० किंवा १, म्हणजे एकूण ७. तीनच्या वर गेलं की बाळाला दुखतंय असं धरून काहीतरी करायचं. घशात नळी असलेल्या बाळाचा आवाज बाहेर येत नाही, पण तोंड आणि चेहरा रडतानाचाच असतो. अशा मूक रडण्यालाही रडण्याचे गुण द्यायचे असतात. नवख्या नर्सकडून हे हमखास सुटतं, आणि व्हेंटिलेटरवरच्या बाळाचा स्कोअर फुकटचा कमी लागतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी पिप-आर ही पट्टी जास्त बारकाईची आहे. आधी १५ सेकंद बाळाला हात न लावता पाहायचं: नाडी किती, ऑक्सिजन किती, बाळ जागं की झोपलेलं. मग टोचल्यानंतरचे ३० सेकंद मोजायचे. नाडी ५ ते १४ नी वाढली तर १ गुण, १५ ते २४ नी वाढली तर २, त्याहून जास्त तर ३. ऑक्सिजन किती घसरला त्याचेही तसेच टप्पे आहेत. भुवया, डोळे आणि नाकाजवळची घडी या तिन्हींचा वेळ धरायचा: ३ सेकंदांपेक्षा कमी असेल तर ०, १० सेकंदांपर्यंत १, २० पर्यंत २, त्यापुढे ३. शेवटी बाळ गर्भधारणेपासून किती आठवड्यांचं आहे आणि आधी झोपेत होतं का, याचे गुण मिळवायचे, पण आधीच्या बेरजेत काही पडलं असेल तरच. एकूण २१ पैकी १२ च्या वर गेलं तर वेदना तीव्र समजतात, ७ ते १२ म्हणजे मध्यम.

कमी दिवसांच्या बाळाला जास्तीचे गुण देण्याचं कारण असं, की २६-२७ आठवड्यांच्या बाळाच्या अंगात रडायलाही त्राण नसतं. एखादंच भुवईचं आकुंचन दिसतं, बोटं पंख्यासारखी फाकतात, क्षणभर श्वास थांबतो आणि मग बाळ लुळं पडतं. त्या लुळेपणाला ‘शांत झालं’ म्हणणं ही एनआयसीयूतली सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे.

आणखीही चुका होतात. आधीचे १५ सेकंद पाहिलेच नाहीत तर नाडी वाढली की ती आधीपासूनच जास्त होती, हे सांगता येत नाही. सुई काढल्यावर, बाळाला उचलून गप्प केल्यावर भरलेला स्कोअर खोटाच असतो. ताप, जंतुसंसर्ग, फुप्फुसाचा आजार यांनीही नाडी आणि ऑक्सिजन हलतात, म्हणून नुसत्या मॉनिटरवरून वेदना ठरवायची नाही. स्नायू ढिले करणारं औषध चालू असेल तर चेहरा काहीच सांगत नाही आणि कुठलीच वर्तनाची पट्टी चालत नाही. अशा बाळाबाबतीत, जे मोठ्या माणसाला दुखेल ते याला दुखतंय असं गृहीत धरून वेदनाशामक चालू ठेवावं लागतं. एका शिफ्टला एक पट्टी आणि दुसऱ्या शिफ्टला दुसरी, असं तर करूच नये. सकाळचा ५ आणि रात्रीचा ५ यांचा मग एकमेकांशी काही संबंध उरत नाही.

टाच टोचताना

पहिला प्रश्न, ही तपासणी आत्ता हवीच आहे का? दुपारी चार वाजता बिलिरुबिन (काविळीची तपासणी) आणि पाच वाजता सोडियम घ्यायचं असेल तर दोन्ही एकाच वेळी घेता येतात का, हे डॉक्टरांना विचारणं नर्सच्या कामात बसतं. न टोचलेली सुई हे सर्वांत चांगलं वेदनाशामक. पूर्ण दिवसांच्या बाळाचं थोडं जास्त रक्त हवं असेल आणि हातातून काढणारं सरावाचं माणूस असेल, तर टाचेपेक्षा शिरेतून काढलेलं कमी दुखतं.

टाचच टोचायची ठरलं तर सामान आधी हाताशी ठेवायचं. बाळाला दुपट्यात गुंडाळून एकच पाय बाहेर ठेवतात. किंवा दुसरी नर्स, नाहीतर आईवडिलांपैकी कुणी, एक हात डोक्यामागे आणि एक दुमडलेल्या हातापायांवर ठेवून बाळाला पोटात असल्यासारखं गोळा करून धरतं. हात ऊबदार आणि स्थिर हवेत. थोपटणं किंवा चोळणं फार छोट्या बाळाला उलट त्रासाचं होतं.

जागा ठरवायला मनातल्या मनात दोन रेघा ओढायच्या. एक अंगठ्याच्या मध्यापासून मागे टाचेपर्यंत, दुसरी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मधून मागे. या रेघांच्या बाहेरच्या कडाच टोचायच्या. टाचेच्या मागच्या गोलाईवर कधीच नाही, कारण तिथे हाड कातडीच्या अगदी जवळ असतं. आपोआप आत जाऊन परत येणारं लॅन्सेट वापरायचं. त्याची खोली ठरलेली असते, पूर्ण दिवसांच्या बाळाला २.४ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला त्याहून कमी. साध्या सुईनं किंवा पात्यानं टोचलं तर खोली हातावर अवलंबून राहते आणि पुन्हा टोचावं लागतं. स्पिरिट वाळू द्यायचं. ओल्यावर टोचलं तर झोंबतं, आणि नमुनाही बिघडतो.

आता पिळण्याबद्दल. बऱ्याच बाळांना टोचण्यापेक्षा टाच पिळल्यानं जास्त त्रास होतो. पिळलं की रक्तपेशी फुटतात, पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं आणि प्रयोगशाळेतून निरोप येतो, ‘पुन्हा पाठवा.’ म्हणजे घाईनं वाचवलेल्या अर्ध्या मिनिटाची किंमत बाळ दुसऱ्या टोचण्यात देतं. पाय शरीरापेक्षा खाली ठेवायचा, हलका दाब द्यायचा, सोडायचा, थेंब जमू द्यायचा.

टोचण्याच्या दोन मिनिटं आधी साखरपाणी. हे घरचं साखरपाणी नव्हे. निर्जंतुक केलेलं २४ टक्के सुक्रोज असतं, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये २४ ग्रॅम. अगदी लहान बाळाला ०.१ ते ०.२ मिलिलिटर, पूर्ण दिवसांच्या बाळाला ०.५ ते १, जास्तीत जास्त २ मिलिलिटर. ते जिभेच्या पुढच्या भागावर थेंब थेंब सोडतात आणि सोबत चोखणी देतात. २०१८ मध्ये आलेल्या एका तुलनेत टाच टोचताना ०.१ मिलिलिटरनं १ मिलिलिटरइतकंच काम केलं, त्यामुळे जास्त देऊन जास्त फायदा होतो असं नाही. गोडवा तोंडात लागला तरच उपयोग होतो. नळीतून पोटात सोडलेलं सुक्रोज वेदनेसाठी वाया जातं. असर चार-पाच मिनिटंच टिकतो, म्हणून काम लांबलं तर मध्ये पुन्हा थेंब द्यायचा. आणि औषधाप्रमाणे ते चार्टवर लिहायचं. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कधीही चाटवू नये, बोट्युलिझम या जंतूच्या विषानं होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो.

सुक्रोजबाबत एक शंका प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१० च्या एका प्रयोगात सुक्रोज दिलेल्या बाळांचा चेहरा कमी आवळला, पण मेंदूतल्या विद्युत नोंदीत वेदनेचा प्रतिसाद तेवढाच होता. दुखणं खरंच कमी होतं की फक्त दाखवणं, यावर वाद आहे. शिवाय अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पहिल्या आठवड्यात दिवसाला १० पेक्षा जास्त वेळा दिलं, तर पुढच्या विकासाच्या चाचण्यांत गुण कमी दिसल्याचंही एका अभ्यासात आलं आहे. म्हणून ते ठरलेल्या प्रक्रियेपुरतंच ठेवायचं. रात्री बाळ किरकिरतंय म्हणून गप्प करायला वापरायचं नाही.

आईचं अंग

स्तनपान शक्य असेल तर सुक्रोजची गरजच नाही. त्यात स्पर्श, ऊब, वास, चोखणं आणि गोडवा हे सगळं एकत्र येतं. फक्त बाळानं नीट पकड घेऊन काही मिनिटं पिणं चालू केल्यावर टोचायचं, आणि पुढेही पिऊ द्यायचं. वाटीत काढलेलं दूध नुसतं तोंडात घालण्याचा उपयोग यापेक्षा बराच कमी आहे. स्तनपान जमण्याजोगं नसेल तर आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर बाळाला १०-१५ मिनिटं आधी ठेवून, तिथेच टाच टोचता येते. नर्सला त्यासाठी वाकून किंवा स्टुलावर बसून काम करावं लागतं, आणि ते जमतंच.

आईला बाहेर पाठवून टोचण्याची सवय अनेक वॉर्डांत असते. ‘त्यांना बघवत नाही’ हे खरं असू शकतं, पण ते आईला विचारून ठरवावं.

सगळी कामं एका दमात उरकायची, म्हणजे लंगोट, वजन, सक्शन, मग टाच, हे ऐकायला बरं वाटतं. पण एकामागून एक हाताळणी झाल्यावर लगेच टोचलं की अपुऱ्या दिवसांचं बाळ जास्त जोरात प्रतिसाद देतं. मध्ये थोडा विसावा द्यावा लागतो.

औषधं कुठे लागतात, कुठे नडतात

टाचेसाठी पॅरासिटामॉल उपयोगाचं नाही. सुन्न करणारं मलमही टाचेवर चालत नाही. शिरेतून रक्त काढताना किंवा पाठीतून पाणी काढताना ते ६० मिनिटं आधी झाकून लावलं तर फायदा होतो. डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीत सुन्न करणारे थेंब, सुक्रोज आणि गुंडाळणं हे तिन्ही वापरूनही ती तपासणी दुखतेच. याच तपासणीआधी तोंडातून मॉर्फिन देऊन पाहणारी एक चाचणी ३१ बाळांनंतर थांबवावी लागली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. मॉर्फिननं बाळांचे श्वास अडखळले, आणि दुखणं कमी झाल्याचं काही दिसलं नाही.

ऑपरेशननंतर, छातीत नळी घालताना आणि तातडी नसेल तर श्वासनळीत नळी घालण्याआधी मात्र मॉर्फिन किंवा फेंटानिलसारखं औषध लागतंच. इथे नर्सचं काम गणिताचं. १.२ किलोच्या बाळाला किलोमागे १ मायक्रोग्रॅम फेंटानिल म्हणजे १.२ मायक्रोग्रॅम. अँप्यूलमध्ये मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम असतील, तर लागणारं औषध ०.०२४ मिलिलिटर होतं आणि ते कुठल्याच सिरिंजमध्ये नीट मोजता येत नाही. म्हणून ते पातळ करून १ मिलिलिटरचं १० मिलिलिटर करायचं, म्हणजे मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम होतात आणि ०.२४ मिलिलिटर द्यायचं. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो, त्यामुळे दुसऱ्या नर्सनं वेगळं गणित करून ताडून पाहायचं. पहिलीच्या कागदावर नजर टाकून नव्हे. फेंटानिल तीन ते पाच मिनिटांत सावकाश द्यायचं. झटकन गेलं तर छातीचे स्नायू ताठ होतात आणि बॅगनं श्वास देऊनही हवा आत जात नाही.

मोठ्या ऑपरेशननंतर शिरेतून नियमित पॅरासिटामॉल दिलं तर मॉर्फिन खूप कमी पुरतं. २०१३ च्या एका चाचणीत एक वर्षाखालच्या बाळांना ते ६६ टक्के कमी लागलं. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधानं बाळ झोपतं, वेदना तशीच राहते. नुसतं ते देऊन स्कोअर खाली आला याचा अर्थ इतकाच, की पाहायला चेहरा उरला नाही.

औषध दिल्यावर पुन्हा स्कोअर न घेणं ही नेहमीची त्रुटी. शिरेतून दिलं असेल तर १५ ते ३० मिनिटांत पुन्हा पाहायचं आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहायचे. ६ चा ५ झाला तर ‘औषध दिलं’ म्हणून पान उलटायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं.

मॉर्फिन किंवा फेंटानिल पाचेक दिवसांपेक्षा जास्त चाललं असेल तर ते एकदम बंद करत नाहीत. रोज १० ते २० टक्के कमी करतात. या काळात बाळ थरथरतं, शिंकतं, जांभया देतं, पातळ शी करतं, कर्कश रडतं. यातलं काही वेदनेसारखंच दिसतं. शिंका, जांभया आणि पातळ शी मात्र वेदनेत सहसा नसतात. त्या दिसल्या तर औषध सुटल्याचा त्रास म्हणून पाहायचं, आणि कमी करण्याचा वेग मंदावायचा.

घरी गेल्यावरच्या लसींनाही हेच सगळं लागू आहे. टोचताना बाळ मांडीवर आणि पीत असलेलं हवं. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का हे पाहायची गरज नाही. एकाच दिवशी दोन-तीन लसी असतील तर सगळ्यांत झोंबणारी शेवटी द्यायला सांगावी. टोचण्याचं दुखू नये म्हणून आधीच पॅरासिटामॉल द्यायचं नाही.